ओलं तेल

४ मार्च, मंगळवार

मास्तर,

तुमचा पत्ता मला वहिनींनी दिला. मी मागितला नव्हता, मागायचा धीरच झाला नसता. आमच्या चाचणीच्या फॉर्मवर प्रत्येकीने घरचा पत्ता लिहायचा होता. त्यांनी तो सावकाश, सुटा सुटा लिहिला आणि फॉर्म माझ्या हातात देताना म्हणाल्या, "वाचता येतोय ना नीट, बघून घ्या." आडनाव वाचलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. तुमच्यासोबत नऊ वर्षं एका खोलीत काम केलं, तुमच्या डब्यातलं कितीदा हक्काने खाल्लं, पण तो डबा भरणाऱ्या बाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सात वर्षांनी लिहितेय. संस्थेच्या लेटरहेडवर दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही कागद फाडले. मग आईने साधा रेघांचा कागद पुढे सरकवला. आई आता माझ्याकडेच असते. ब्याऐंशीची आहे. चाळीस वर्षं टपालाची पत्रं गावागावांप्रमाणे वेगळी करण्यात गेली, त्यामुळे फोनवर तिचा विश्वास नाही. म्हणते, फोनवर माणूस हो हो करतं आणि ठेवून देतं. कागद मात्र घरात पडून राहतो.

तुम्ही इथपर्यंत वाचलं असेल तर आधी कामाचं सांगते. पॅड जमले, मास्तर. एरंडेल, कागद गिरणीतली तपकिरी पूड आणि वनस्पती तेलातून काढलेलं मेण. खनिज तेलापासून आलेलं आता त्यात काही नाही, फक्त तेल घट्ट करणारा हार्डनर उरलाय, आणि तोही निम्म्यावर आणला. एकोणतीस अंशांना आतलं मेण वितळतं, वितळताना अंगाची उष्णता ओढून घेतं, आणि बाहेर थेंबसुद्धा येत नाही. एका जाकिटात आठ पॅड, चार पाठीला, चार पुढे. अडीच तास चालतात. मग थंड पाण्यात वीस मिनिटं बुडवले की पुन्हा घट्ट. ना बर्फ लागतो, ना वायर.

पहिली चाचणी आम्ही सरकारी हॉस्पिटलच्या लाँड्रीत घेतोय. तळघरात आहे ती. चादरी वाफेच्या रोलरमधून निघतात आणि दोघीदोघी त्या पकडून घड्या घालतात. खोलीत एकेचाळीस अंश. बत्तीस जणी काम करतात, आमच्याकडे जाकिटं बाराच आहेत. वहिनींना एक मिळालं. पहिल्या दिवशी घालून बघताना त्या म्हणाल्या, "ओल्या माठाला पाठ टेकल्यासारखं वाटतंय." आमच्या अहवालात मी पंधरा पानं लिहिली आहेत, त्यात एवढं नेमकं एकही वाक्य नाही.

तुम्ही मला साच्याच्या भिंतीवरून तेल ओतायला शिकवलंत, म्हणजे हवा अडकत नाही. हवा ओढणाऱ्या पंपाच्या आवाजावरून तो कधी बिघडणार ते ओळखायला शिकवलंत. हे सगळं अजून रोज वापरते. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते.

त्या दिवशी हॉलमध्ये जे झालं, त्याबद्दल आता काय बोलायचं. सगळीच गडबड होती.

तब्येतीला जपा. वहिनींना नमस्कार.

तुमची,
बाई


१९ मार्च, बुधवार

मास्तर,

उत्तर आलं नाही. मी वाट पाहत होते असं नाही. आई मात्र रोज पेटी उघडून बघते आणि मला सांगते, "विजेचं बिल."

लाँड्रीत वहिनी भेटतात, पण पत्राबद्दल काही बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. म्हणून आज तुम्हाला ते सांगते जे पहिल्या पत्रात सांगायचं टाळलं. पॅड जमले असं मी लिहिलं, जणू ते आमचे आम्हीच जमवले.

तुम्ही गेल्यावर पाच वर्षं आम्ही एकाच ठिकाणी अडकलो होतो. तेल कितीही कोरडं करा, तीनशे वेळा वितळून गोठल्यावर मेण पाझरायला लागायचं. पॅडच्या कडेला आधी चिकट रेघ, मग डाग, मग जाकिटाचं अस्तर तेलकट. आम्ही अकरा तऱ्हा करून बघितल्या. महागातला महाग हार्डनर मागवला. मी तर मेणच बदलायच्या विचारात होते.

तुमच्या जागी आलेल्या बाईंना आम्ही घड्याळबाई म्हणतो. पावणेनऊला त्यांनी दार उघडलं की लोक आपली घड्याळं लावून घेतात. दोन वर्षांपूर्वी त्या पश्चिमेची खिडकी पुसत होत्या. तिथली कुंडी आठवते तुम्हाला? झाड केव्हाच वाळलं होतं, पण कुंडी कुणी हलवली नव्हती. ती उचलली तर खाली तळहाताएवढा तपकिरी पॅड. वर चिठ्ठी, तुमच्या अक्षरात, 'हलवू नये'. पॅडच्या मागे पेन्सिलने तारीख आणि घाण्याचा, म्हणजे एका वेळी ओतलेल्या मालाचा, नंबर. घड्याळबाई तो ट्रेमध्ये ठेवून माझ्याकडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "खालची फळी पांढरी आहे. डाग नाही."

त्या फळीवर दुपारी हात ठेववत नाही, मास्तर. पाच उन्हाळे तो पॅड तिथे रोज दुपारी वितळत होता आणि पहाटे गोठत होता. आम्ही मोजायच्या मशीनमध्ये घातला. नवा पॅड शंभर भाग उष्णता घेत असेल तर हा ब्याण्णव घेत होता. मी मशीन पुन्हा शून्यावर आणून तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा घड्याळबाई म्हणाल्या, "मशीन बरोबर आहे, बाई. तुम्ही बसा जरा."

मग तुमचं रजिस्टर काढलं. त्या तारखेला चार ओळी आहेत, मला पाठ झाल्या आहेत. 'कागद गिरणीची पूड, वाळवून, चाळून. दहा भाग एरंडेलाला तीन. ओव्हन नाही, साच्यातच तीन दिवस. ही पूड लाकडाचे तंतू धरून ठेवते, मेणाला धरते का पाहू.'

लिग्निन म्हणतात त्या पुडीला. गिरण्या ती जाळून टाकतात. आम्ही तुमच्या चार ओळींवर दोन वर्षं काम केलं आणि सगळं जसं तुम्ही लिहिलं होतं तसंच निघालं. घाई न करता घट्ट झालेल्या पॅडची जाळी बारीक विणली जाते आणि मेणाला बाहेर यायला वाट उरत नाही. ओव्हनमध्ये लवकर उरकायच्या नादात आम्हीच ती वाट ठेवत होतो.

याचा पेपर छापून आला. त्यात शेवटी आभार आहेत, 'एका माजी सहकाऱ्याच्या नोंदीवरून'. तुमचं नाव नाही. जागा कमी होती, असं मी इथे लिहिणार होते. पण आई समोर बसली आहे आणि तिला माझी खोटं लिहितानाची मान ओळखू येते. जागा होती. नाव लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, हे इतके हुशार गृहस्थ गेले का.

मी तुमची ऋणी आहे हे फार लहान वाक्य झालं. त्या पॅडचा एक तुकडा माझ्या टेबलावर असतो. पाहुणे आले की मी तो त्यांच्या हातात देते. कुणाचा, ते आजवर सांगितलं नाही.

बाई


११ एप्रिल, शुक्रवार

मास्तर,

वहिनी आता कशा आहेत? मला फोन करायला तोंड नाही आणि लाँड्रीत त्या अजून रजेवर आहेत असं कळलं. डॉक्टर म्हणाले होते की चार दिवसांत बरं वाटेल.

बुधवारी काय झालं ते तुम्हाला त्यांनी सांगितलं असेल. सगळं सांगितलं असेल की नाही ते माहीत नाही, म्हणून मी सांगते. लाँड्रीतला हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा सकाळी बंद पडला. अकरा वाजता खोलीत चव्वेचाळीस अंश होते. मी थर्मामीटर घेऊन तिथेच होते. वहिनींच्या जोडीला जी मुलगी घड्या घालते ती पाच महिन्यांची गरोदर आहे. नियमाप्रमाणे गरोदर बाईला आम्ही चाचणीत घेऊ शकत नाही, त्यामुळे तिला जाकीट नव्हतं. तिचा चेहरा पांढरा पडलेला वहिनींनी पाहिला. काही न बोलता आपलं जाकीट काढलं आणि तिच्या अंगावर चढवलं. मी म्हटलं, "अहो, नियम आहे." त्या म्हणाल्या, "तुमचा नियम तुमच्या वहीत ठेवा."

मी थर्मामीटरवरचा आकडा लिहून घेतला. त्या दोघींनाही बाहेर काढायला हवं होतं, ते मी केलं नाही. पुढे पाऊण तासाने चादर पकडता पकडता वहिनी चादरीच्या गाड्याशेजारी खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. आम्ही त्यांना कॉरिडॉरपलीकडच्या खोलीत नेलं, पाय उंच केले, मानेवर आणि काखेत ओले टॉवेल ठेवले. डॉक्टर लगेच आले, सलाइन लावलं. हॉस्पिटलच्याच पोटात होतो म्हणून निभावलं. त्या मुलीला काही झालं नाही. ती आणि तिचं बाळ ठीक आहेत.

दुपारी वहिनींना बोलण्याइतकं बरं वाटलं. मी उशाशी होते. त्या छताकडे बघत म्हणाल्या, "हे जाकीट आमच्या ह्यांच्याच कामातलं ना?"

"हो."

"मग त्यांच्या हातून ती चूक झाली नसती, तर आम्हाला हे आधीच मिळालं असतं का?"

त्यात टोमणा नव्हता, मास्तर. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढे म्हणाल्या, "सात वर्षं माझ्या मनात हेच आहे. एकदाच बोलले त्यांना. म्हटलं, एवढं जपून काम करणारा माणूस तेल वाळवायला विसरला कसा? ते म्हणाले, झालं ते झालं. मग मी विषय काढला नाही. पण दर उन्हाळ्यात आठवायचं."

म्हणजे तुम्ही घरीसुद्धा सांगितलं नाहीत.

मी त्यांना सांगितलं. जे सांगितलं तेच तुम्हालाही लिहिते. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण मी ते आजवर कुठेच लिहिलेलं नाही.

पाहणी समितीचे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी नवा पिंप उघडला. तेल ओलं होतं. तुम्ही ते ऐंशी अंशांवर पंपाखाली ठेवलंत आणि दीड तासाने मी आले. तुम्ही म्हणालात, "अजून बुडबुडे येतायत. उद्या सकाळी ओतू." मी म्हटलं, उद्या पाहुणे आहेत, आत्ता ओता. तुम्ही म्हणालात, "माझ्या हाताने ओलं तेल ओतणार नाही, बाई." मी तुम्हाला स्टोअरमध्ये साचे आणायला पाठवलं आणि तुम्ही परत यायच्या आत माझ्या हाताने ओतलं. ओल्या तेलातलं पाणी हार्डनरला लागलं की वायू सुटतो आणि पॅड फुगतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये दिव्याखाली पॅड ठेवले. वीस मिनिटांत पॅड फोडासारखे फुगले आणि मेण टेबलावरून डायरेक्टरसाहेबांच्या फायलीवर गेलं. त्यांनी विचारलं, "तेल वाळवलं नव्हतं का?" मी म्हटलं, "ते काम मास्तरांकडे असतं."

शब्द शब्द खरा होता. मी तो निवडून वापरला. तुम्ही दारात उभे होतात, हातात फडकं. आत आलात, टेबल पुसलंत, फाइल पुसलीत, आणि काहीच बोलला नाहीत. अहवालात लिहिलं गेलं, तंत्रज्ञाच्या हलगर्जीपणामुळे नमुने सदोष, पदार्थात दोष नाही, प्रकल्प चालू ठेवावा. तुमची बदली स्टोअरमध्ये झाली आणि महिन्याभराने तुम्ही नोकरी सोडलीत. माझा प्रकल्प चालू राहिला.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी सात वर्षं त्यांना..." आणि थांबल्या. मग उठून बसल्या आणि चपला शोधायला लागल्या. मी म्हटलं, मी घरी सोडते. त्या म्हणाल्या, "नको. तुम्ही नको."

बरोबरच आहे.

मास्तर, मी तुमची माफी मागते. पहिल्या पत्रात 'गडबड होती' असं लिहिलं, ते मागे घेते. गडबड नव्हती. मी होते.

बाई


६ मे, मंगळवार

मास्तर,

आज काही मागायला लिहितेय, त्याआधी काय केलं ते सांगते.

वहिनींना सांगून मी मोकळी झाले असं होत नाही, हे मला घरी येतानाच कळलं होतं. ते वाक्य मी एका खोलीत बोलले होते, पण लिहिलं गेलं ते संस्थेच्या अहवालात. तुम्हाला मागचं पत्र टाकलं आणि पुढच्याच आठवड्यात डायरेक्टरांना भेटले. जुने साहेब निवृत्त झाले. हे नवे आहेत, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, समजूतदार माणूस. मी म्हटलं, सात वर्षांपूर्वीच्या अहवालातली एक ओळ खोटी आहे, ती दुरुस्त करायची आहे.

ते म्हणाले, "मॅडम, ती फाइल आता कोण वाचतं?"

"ज्यांच्याबद्दल आहे, त्यांनी वाचली असेल."

"त्यांनी तक्रार केली आहे का?"

"नाही."

"मग आपण होऊन कशाला? हॉस्पिटलचं जाकिटांचं काम तोंडावर आलंय. प्रकल्पच चुकीच्या आधारावर चालू राहिला असं कुणी म्हटलं तर सगळं अडकेल. त्या लाँड्रीतल्या बायकांचाही विचार करा."

हे खरं होतं, आणि म्हणून मी दोन दिवस झोपले नाही. बत्तीस जणींचा उन्हाळा एकीकडे आणि तुमची एक ओळ एकीकडे. शेवटी घड्याळबाईंना विचारलं, कारण त्यांचा यात काही संबंध नाही. त्या बाटल्या धूत होत्या. म्हणाल्या, "पॅड चांगला आहे की वाईट ते त्या ओळीवर ठरतं का? मशीनवर ठरतं ना?" आणि पुढची बाटली घेतली.

मी लेखी निवेदन दिलं. तीन जणांची समिती बसली, पंचवीस मिनिटं. पॅडची सगळी मोजमापं बाहेरच्या प्रयोगशाळेतून पुन्हा करून घेतली, ती जशीच्या तशी आली, त्यामुळे जाकिटांचं काम थांबलं नाही. अहवालाला दुरुस्तीचं पान जोडलं गेलं, त्याची प्रत सोबत पाठवते. प्रकल्पाचं प्रमुखपद माझ्याकडून काढून मोजमाप बघणाऱ्या सहकाऱ्याकडे दिलं. मी वर्षभर सल्लागार. खोली बदलली, खिडकी नाही, पण पंप भिंतीपलीकडेच आहे, त्याचा आवाज येतो.

आईला सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे आता सहाला घरी येशील?" म्हटलं, हो. "मग त्यांचं बरोबर आहे," म्हणाली.

आता मागणं. पॅडच्या पेटंटचा अर्ज तयार आहे. संशोधक म्हणून पहिलं नाव तुमचं आहे. मी उपकार करत नाहीये. वकीलबाईंनी रजिस्टरातल्या चार ओळी वाचल्या आणि म्हणाल्या की ज्यांनी हे आधी केलं त्यांचं नाव नसेल तर अर्जच खोटा. पण तुमच्या सहीशिवाय तो पुढे जात नाही. तुम्ही नाही म्हणालात तर अर्ज मागे घेऊ, कृती सगळ्यांसाठी खुली करू, आणि तरी तुमचं नाव त्यावर राहील.

तुम्ही माझ्यावर रागावलात तर ते मला समजतं. तुम्ही गप्प राहिलात ते मात्र अजून समजलेलं नाही. तुम्ही दारातून एक वाक्य बोलला असतात तर माझं सगळं संपलं असतं. ते बोलला नाहीत, आणि त्यावर मी सात वर्षं काम केलं. आभार कुठून मानायला सुरुवात करायची हेच कळत नाही, म्हणून इथून करते.

बाई


१४ मे

बाई,

चारही पत्रं मिळाली. पहिली दोन हिने कपाटात चादरींच्या घडीखाली ठेवून दिली होती. पाकिटावर तुमचं नाव बघून तिला वाटलं, पुन्हा काहीतरी त्रास. त्या बुधवारी घरी आली तेव्हा काढून माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसली. फोडली नव्हती. मी वाचली. मग ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. राग तुमच्यावर नव्हता, माझ्यावर होता. म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंत. मी सात वर्षं चुकीच्या माणसाला मनात बोल लावत बसले." ते तिचं बरोबर आहे. तिची तब्येत आता ठीक आहे. कामावर जाते.

तुमच्या पत्रांत काही गोष्टी चुकीच्या आहेत. खिडकीतला पॅड मी प्रयोग म्हणून ठेवला नव्हता. कुंडीतलं पाणी फळीवर गळायचं, म्हणून टाकायच्या नमुन्यांतला एक खाली सरकवला. 'हलवू नये' ही चिठ्ठी कुंडीला होती, कारण सफाईवाले रोज तिला उन्हातून काढून सावलीत ठेवायचे. सुटून पॅडला चिकटली असणार. पूड घातली ती मात्र विचार करून. तेवढं श्रेय घेतो.

डबाही मी भरायचो. हिची पाळी सकाळी सहाची असते.

गप्प का राहिलो ते सांगतो. मी बोललो असतो तर साहेबांनी विचारलं असतं की मग प्रमुखांनीच ओलं तेल ओतलं का, आणि काम तिथेच बंद झालं असतं. ही तेव्हा त्या तळघरात अकरा वर्षं काढून बसली होती. उन्हाळ्यात घरी आली की फरशीवर आडवी व्हायची, तासभर बोलायची नाही. मला ते पॅड व्हायला हवे होते. कुणाच्या नावाने झाले तरी चालणार होते. म्हणजे मी गप्प राहिलो ते हिच्यासाठी. तुमच्यासाठी नाही. हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

राग होता. पहिली दोन वर्षं रोज सकाळी दाढी करताना यायचा. आता रविवारी येतो.

मी एका रंगाच्या दुकानात रंग मिसळून देतो. लोक भिंतीचा पोपडा घेऊन येतात, मी तोच रंग काढून देतो. काम चांगलं आहे. कुणाला घाई नसते.

सही करीन. मंगळवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी येईन. अर्ज आधी वाचायला लागेल. दुरुस्तीचं पान मिळालं. हिने ते ट्रंकेत ठेवलं आहे, माझ्या दाखल्यांसोबत.


३ जून, मंगळवार

मास्तर,

तुम्ही येऊन गेलात त्याला आज दोन आठवडे झाले. तुम्ही अर्ज वाचत होतात ती पन्नास मिनिटं बाहेर कॉरिडॉरमध्ये काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नाही. वकीलबाई दोनदा घड्याळ बघून गेल्या. नवे प्रमुख म्हणाले, सगळं वाचतायत की काय. घड्याळबाई म्हणाल्या, "वाचू द्या. त्यांनीच लिहिलंय ते." तुम्ही 'अभिनव' हा शब्द खोडून 'नवीन' केलात. वकीलबाईंनी 'नवीन'च ठेवला आहे.

पंपातलं तेल बदललं. तुम्ही कान लावून सांगितलंत त्यानंतर उघडून पाहिलं तर काळं झालं होतं. घड्याळबाई आता पंपाकडे जरा आदराने बघतात. तुम्ही त्यांना तेलातले शेवटचे बुडबुडे कसे ओळखायचे ते दाखवलंत, ते त्यांनी रजिस्टरात उतरवून घेतलं आहे आणि वर तुमचं नाव घातलं आहे. मी सांगितलं नव्हतं.

जिन्यात तुम्ही म्हणालात, "माफ केलं असं म्हणायला मला जमणार नाही, बाई. पण पत्रं येऊ द्या. हिला वाचायला आवडतात." मी तेव्हा नुसती मान हलवली. आज उत्तर देते. येतील.

आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. रविवारच्या वाक्याला ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, "या माणसाबरोबर तू नऊ वर्षं होतीस आणि तुला अक्कल आली नाही?" आता येतेय, मी म्हटलं. उशिरा येतेय, पण तुमच्याकडून येतेय, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

कामाचं सांगते. बत्तीस जाकिटं शनिवारी लाँड्रीत पोचली. पंखाही दुरुस्त झाला. गरोदर बायकांना आता उन्हाळाभर वरच्या मजल्यावर शिवणकाम मिळणार आहे. तो नियम हॉस्पिटलने आपण होऊन केला, पण कुणाच्या भांडणामुळे ते मी तुम्हाला सांगायला नको. वहिनी त्यांच्या साहेबांच्या टेबलापुढे तासभर उभ्या होत्या म्हणे.

आज मी तिथे गेले होते. सकाळची पाळी सुटत होती. नोंदवहीचं काम आता वहिनींकडे आहे. त्या माझ्याशी अजून मोजकंच बोलतात, पण आज त्यांनी बसायला स्टूल पुढे केलं. पाळी सकाळची, हजर एकतीस, एक वर शिवणकामाला, खोलीतलं तापमान बेचाळीस, हे सगळं त्यांनी सावकाश भरलं. शेवटी 'शेरा' असा रकाना आहे. पेन तिथे थांबलं. त्यांनी विचारलं, "इथे काय लिहू?"

मी म्हटलं, "जे झालं ते."

त्यांनी जरा विचार केला आणि लिहिलं, 'काही झालं नाही.'

बाई